खिडकीतली जागा माझी

मी सब्जा बोलतोय. नाव ऐकताच तुम्हाला बी आठवलं ना, पाण्यात टाकलं की फुगणारं? पानांना कोण विचारतो! पण या घरातल्या सासूबाईंनी विचारलं, म्हणून तर स्वयंपाकघराच्या खिडकीत मी दोन वर्षं मानाने नांदलो.

कान तुटलेल्या कपात त्यांनी मला रुजवलं, मग कुंडीत हलवलं. त्यांची एकच खोड मला सलायची. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत त्या माझा शेंडा नखाने खुडायच्या. तुरा नुसता डोकावला तरी खट्! इतक्या दिवसांत एक फूल म्हणून लाभलं नाही.

मग घरात सून आली, आणि तिच्या मागोमाग नर्सरीतून जांभळ्या पानांची ती जांभळी. आमच्याच कुळातली, पण रंगाचा केवढा तोरा!

"आई, हिला ऊन लागतं. खिडकीत ठेवू?"

"ठेव की," सासूबाई म्हणाल्या. झालं. माझी रवानगी खाली, सिलिंडरशेजारी.

माझा तिळपापड झाला. तिला फवाऱ्याने अंघोळ काय, तिचे फोटो काय! तिला तुरे आले तेव्हा सासूबाईंचा हात सवयीने पुढे गेला.

"अहो आई, नका ना खुडू! किती गोड दिसतायत."

नव्या सुनेचं मन कशाला मोडा, म्हणून त्यांनी हात मागे घेतला आणि वाकून खुडला कोणाचा, तर माझा शेंडा. तिला फुलं, मला नखं. मी जळून खाक झालो.

खाली ऊन पोहोचत नव्हतं. माझी पानं पिवळी पडली. एकदा सून म्हणाली, "आई, हा जुना टाकून द्यायचा का आता?"

"राहू दे गं. अजून फुटतोय तो."

त्या एका वाक्यावर मी तग धरला.

पुढे जांभळी बियांवर आली. खोड लाकडासारखं झालं, पानं गळाली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? एका सकाळी ती पार वाळलेली दिसली. सून रडवेली झाली.

"रोज पाणी घालत होते. माझं काय चुकलं, आई?"

"चुकलं माझं. तेव्हाच सांगायला हवं होतं. फुलं येऊ दिली की या झाडाला वाटतं, झालं आपलं काम. मग ते पानं धरत नाही."

त्यांनी मला उचलून ओट्यावर ठेवलं आणि सुनेचं बोट माझ्या शेंड्याशी नेलं. "हे बघ, पानांच्या जोडीच्या जरा वर. इथून दोन फांद्या फुटतील."

ज्या नखांना मी दोन वर्षं शिव्या घातल्या, त्यांनीच मला जगवलं होतं. लाज वाटली मला. थोडीशीच.

आता मी पुन्हा खिडकीत आहे. पण सुख कुठलं! सुनेने जांभळीच्या बिया माझ्याच कुंडीत पेरल्या. माझ्या बुडाशी एक जांभळं रोप वर आलंय. काल दोघी त्याच्यावर वाकल्या होत्या.

"आई, चार-सहा पानं आली की हिचा शेंडा मी खुडू?"

खुड, सूनबाई. जरूर खुड, जगव तिला. या वयात जळायला मलाही कोणीतरी हवंच. फक्त आधी माझा शेंडा.