सुतारपक्षी, गरुड, घुबड

अमेरिकेतल्या डुलूथच्या लॉर्ना हाउगनबाईंची तक्रार मी एका वाक्यात निकालात काढली होती: "हे असंच चालतं." संगणकाच्या प्रोग्रामांत याद्या हाताळायची एक छोटी लायब्ररी, म्हणजे कुणालाही वापरता येईल असा तयार कोड, मी अकरा वर्षं फुकट सांभाळतोय. लोकांना उत्तरं देऊन देऊन माणूस तुसडा होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं. "अहो शहाणे, तुमच्या माहितीपानावर लिहिलंय, 'यादी मिळते'. मला वाटलं, नक्कल मिळते. मी ती अकारविल्हे लावली, तर मूळ यादीच बदलली आणि तशीच जतन झाली. माझ्या ऑरिनने चाळीस वर्षांत पाहिलेले पक्षी होते त्यात, पाहिले त्या क्रमाने. तो आता नाही. मला पहिले तीनच आठवतात. तिसरा आमच्या लग्नाच्या दिवशीचा."

मी चरफडत ते पान उघडलं. ओळ माझीच होती. बाईंना लिहून विचारलं, "तुम्ही कसं लिहिलं असतं?"

"सरळ. 'ही नक्कल नाही, मूळ यादीच आहे. इथे बदललंत तर तिथेही बदलेल. आधी नक्कल करून घ्या.'"

एकही शब्द न बदलता मी ते पानावर घातलं. खालच्या उदाहरणात अकरा वर्षं नुसते आकडे होते. मी बाईंना ते तीन पक्षी विचारले.

आता उदाहरणात आधी नक्कल होते, मग ती नक्कल अकारविल्हे लागते. शेवटी मूळ यादी दिसते. कुणीही, कितीही वेळा चालवून पाहावं, क्रम ऑरिनचाच येतो: सुतारपक्षी, गरुड, घुबड.