चौथी ओळ कोणाची

वयाच्या अकराव्या वर्षी मी एक धर्म स्थापन केला, कारण मला खेळायला जायचं होतं.

त्या वर्षी आत्याचा नवरा गेला आणि तिचे हात थरथरायला लागले. ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मशीनवर होती. सुईत दोरा जाईना, म्हणून घरी बसली, आणि दुपारी तिच्यापाशी बसायची पाळी माझ्यावर आली. खाली मित्र शिट्ट्या मारत होते आणि वर आत्या दोऱ्याचं टोक ओलं करत रडत होती. मी म्हटलं, ‘‘आत्या, शाळेच्या लायब्ररीत एक फार जुनं पुस्तक आहे. त्यात थरथर थांबवायची प्रार्थना आहे.’’ मग दुसऱ्या दिवशीच्या चाचणीसाठी पाठ केलेल्या श्वसनसंस्थेच्या धड्यातून मी जागच्या जागी चार ओळी रचल्या. तिने डोळे मिटून त्या म्हटल्या. पाचव्या खेपेला दोरा सुईत गेला आणि मी सुटलो.

तेव्हापासून चौदा वर्षं ती त्या ओळी म्हणते आहे. ती परत कामावर गेली आणि तिच्याकडून कारखान्यातल्या बायकांनी त्या उचलल्या. मशीनवर बसायच्या आधी सगळ्या म्हणतात, असं ऐकून होतो. मी मात्र मधल्या काळात विज्ञानाचा पदवीधर झालो, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागलो, आणि दशांशचिन्हापुढे तीन आकडे आल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवून टाकलं.

मागच्या आठवड्यात आमच्या अभ्यासमंडळात मी ‘धर्म माणसानेच बनवले’ या विषयावर बोललो. सत्तावीस स्लाइड्स होत्या. शेवटच्या स्लाइडवर आत्या होती, अर्थात ‘एक महिला, वय साठ’ अशी. प्रार्थना बनते कशी, पसरते कशी, हे मी पुराव्यानिशी दाखवलं. बनवलेली आहे हे सिद्ध झालं की श्रद्धा आपोआप गळून पडते, असं म्हणून मी समारोप केला. टाळ्या पडल्या. मग मागच्या खुर्चीवरून एका निवृत्त बसड्रायव्हरने विचारलं, ‘‘त्या बाईंची गळून पडली का?’’

‘‘त्यांना अजून सांगितलेलं नाही,’’ मी म्हणालो.

‘‘मग तुम्हाला कसं माहीत?’’

लोक हसले. मीही हसलो, पण घरी येईपर्यंत तो प्रश्न कॉलरच्या आतल्या लेबलसारखा टोचत राहिला. प्रार्थना बनवलेली असते, या माझ्या भाषणाच्या पहिल्या पायरीला सत्तावीस स्लाइड्स होत्या. म्हणून श्रद्धा गळते, या दुसरीला एकही नव्हती.

म्हणून मी आत्याला खरं सांगायचं ठरवलं. आणि त्यासाठी मी जी वेळ निवडली, तिच्याबद्दल माझ्या पदवीतला एक वर्ग कमी करायला हरकत नाही. तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनची सकाळ.

माझी बाजू अशी होती. ऑपरेशन जागेपणी होणार होतं. वीस मिनिटं डोळ्याची पापणीसुद्धा न हलवता पडून राहायचं. उजव्या डोळ्याने तिला बरीच वर्षं नीट दिसत नव्हतं आणि आता डावाही मोतीबिंदूने गेला होता. दोरा ती बोटांनी चाचपून ओवायची. मागच्या खेपेला टेबलावर ती घाबरून उठून बसली होती आणि डॉक्टरांनी परत पाठवलं होतं. या वेळी ती म्हणाली होती, ‘‘मी आपली प्रार्थना म्हणत पडून राहीन.’’ इतक्या मोठ्या प्रसंगी माणसाने खोट्या माहितीवर विसंबू नये, असं मला वाटलं. प्रामाणिकपणा कधीकधी किती मूर्ख असतो हे कुठल्याच अभ्यासक्रमात नसतं.

प्रतीक्षेच्या खोलीत तीन खुर्च्या ओळीने होत्या. मधल्या खुर्चीत आत्या, हिरवा गाऊन, डोक्याला टोपी, डाव्या भुवईवर चिकटपट्टीचा बाण. तिच्या पलीकडे कारखान्यात बटणांची काजं करणारी तिची मैत्रीण, जिला सगळे काजमावशी म्हणतात. सिस्टरने डोळ्यात थेंब घातले आणि रक्तदाब घेतला. एकशे चौसष्ट.

‘‘एकशे ऐंशीच्या वर गेलं तर डॉक्टर करणार नाहीत हं,’’ सिस्टर म्हणाली. ‘‘शांत राहा.’’

ती गेली. मी घसा खाकरला.

‘‘आत्या, ती प्रार्थना आहे ना, ती कुठल्याच पुस्तकातली नाही. मी बनवली होती. मला खेळायला जायचं होतं म्हणून.’’

 थेंबांनी मोठ्या झालेल्या बाहुलीने आत्या माझ्या आवाजाच्या दिशेने बघत राहिली. काजमावशीने मात्र पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

‘‘आत्ता?’’ ती म्हणाली. ‘‘आत्ता सुचलं तुला हे? चौदा वर्षं काय तोंडात टाचण्या धरल्या होत्यास?’’

‘‘खरं सांगायला हवं ना, मावशी.’’

‘‘खरं म्हणे! बाईला आत न्यायला पंधरा मिनिटं उरलीत आणि याला खरं आठवलं.’’

आत्याचे ओठ हलायला लागले. पहिली ओळ झाली, आणि ती थांबली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबली. ‘‘होत नाही रे,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणायला गेलं की तू दिसतोस. हाफ पँटीतला, गुडघा सोललेला, दाराकडे बघणारा.’’

तिचे हात थरथरत होते. चौदा वर्षांपूर्वी होते तसेच.

सिस्टर परत आली, पट्टा फुगवला आणि कपाळाला आठ्या घातल्या. एकशे ब्याण्णव. ‘‘दहा मिनिटांनी परत बघते. नाही उतरलं तर घरी जावं लागेल.’’

माझ्या एखाद्या वाक्याचा परिणाम इतका स्वच्छ मोजता येण्याची ही पहिलीच वेळ होती. अठ्ठावीस.

‘‘बघतोस काय? म्हण आता तूच,’’ काजमावशी म्हणाली. ‘‘बनवलीस ना? मग म्हण तिच्यासाठी.’’

हे सोपं होतं. मी तोंड उघडलं. ‘‘आत येणाऱ्या, ये. बाहेर जाणाऱ्या, जा...’’ आणि पुढे काही येईना. पाण्यातल्या एकोणीस क्षारांच्या मर्यादा मला पाठ आहेत. माझ्याच धर्माची तिसरी ओळ आठवत नव्हती.

‘‘मध्ये थांबणाऱ्या,’’ काजमावशीने तिरस्काराने पुरवलं.

‘‘हां. मध्ये थांबणाऱ्या, थांब. आणि चौथी...’’ चौथी मात्र लख्ख आठवली, कारण ती धड्यातून जशीच्या तशी उचलली होती. ‘‘नाकातल्या केसांत धूळ अडते.’’

 समोरच्या बाकावरच्या एका आजोबांनी वर्तमानपत्र खाली केलं.

‘‘कुठल्या केसांत?’’ काजमावशीने विचारलं.

‘‘नाकातल्या.’’

‘‘शी! प्रार्थनेत नाकातले केस? काहीही बरळू नकोस. ‘धूळ दारातच राहू दे’ असं आहे ते.’’

‘‘नाही मावशी, मूळ ओळ माझी...’’

‘‘नाकातले केसच होते,’’ आत्या म्हणाली.  ‘‘मी पहिल्याच दिवशी काढून टाकले. शिवताना जादाचं कापड कापतातच. एवढ्या जुन्या पुस्तकात नाकातले केस कसे असतील, असं वाटलंच होतं मला.’’

‘‘म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं?’’

‘‘कळलं असतं तर आज एवढं लागलं असतं का? नाही कळलं. मी विचारलंच नाही.’’

‘‘का?’’

‘‘हात थांबला होता ना,’’ ती म्हणाली. जणू मी दोरा कशासाठी असतो असं विचारलं होतं.

‘‘म्हणजे चौथी ओळ तुझी,’’ मी म्हणालो.

‘‘दार माझं. ‘राहू दे’ इस्त्रीवालीने घातलं. आधी नुसतं ‘धूळ दारातच’ होतं, म्हणताना लंगडायचं.’’

‘‘आणि तिसरी ओळ दोनदा, ते आम्ही काजवाल्यांनी केलं,’’ काजमावशी अभिमानाने म्हणाली. ‘‘काज दोन बाजूंनी भरावं लागतं. दोनदा थांबायला लागतं.’’

‘‘ते चूक आहे,’’ आत्या ताठ झाली. ‘‘किती वेळा सांगितलं तुम्हाला, एकदाच आहे.’’

‘‘दोनदा.’’

‘‘अगं, दोनदा थांबलीस तर श्वास संपतो मध्येच! ऐक नीट.’’ आणि तिने तिला ऐकवायला म्हणून म्हटली. ‘‘आत येणाऱ्या, ये. बाहेर जाणाऱ्या, जा. मध्ये थांबणाऱ्या, थांब. धूळ दारातच राहू दे. बसला की नाही श्वास? आता तुझी म्हण.’’

काजमावशीने तिची म्हटली. आत्याने मान हलवून परत स्वतःची म्हटली, सावकाश, एखाद्या हट्टी शिकाऊ मुलीला शिवण उसवून दाखवावी तशी. मग पुन्हा. चौथ्या-पाचव्या खेपेला तिचं काजमावशीकडे लक्षच उरलं नव्हतं. हात मांडीवर पडले होते.

मला त्यात बोलायला जागा नव्हती. हळू श्वास सोडला की नाडी मंदावते, हे स्पष्टीकरण माझ्याकडे तयार होतं. सोळाव्या स्लाइडवर होतं. पण ते खरं असूनही त्या क्षणी नाकातल्या केसांइतकंच जादाचं होतं. शिवाय एक गोष्ट मला झोंबली. ज्याला मी माझी थाप समजून चौदा वर्षं मनातल्या मनात मिरवत होतो, त्यातलं कापड धड्याचं होतं आणि शिलाई या बायकांची. माझा नुसता गुडघा सोललेला होता.

एकशे अठ्ठावन्न. सिस्टर म्हणाली, ‘‘चला.’’

चाकाच्या खुर्चीत बसताना आत्याने माझं मनगट धरलं. ‘‘तू बाहेर बसून म्हण. पण आमची म्हण. तुझी चुकीची आहे.’’

दार बंद झालं. काजमावशी आणि मी शेजारी शेजारी बसलो. मी मनात सुरुवात केली आणि सवयीने बोटांवर मोजायला लागलो. ‘‘ओठ हलव,’’ काजमावशी म्हणाली. ‘‘आणि तिसरी दोनदा.’’ तिच्याशी वाद घालायची माझी हिंमत नव्हती. मी दोनदा म्हटली. नवानंतर मोजणं कुठेतरी सुटलं. दाराच्या काचेतून हिरवा उजेड दिसत होता आणि आतून आरडाओरडा येत नव्हता, एवढंच मला समजत होतं.

वीस मिनिटांनी आत्या बाहेर आली. डोळ्यावर पांढरं झाकण. डॉक्टर मागून म्हणाले, ‘‘इतकं स्थिर माणूस महिन्यात पाहिलं नव्हतं. काय पुटपुटत होत्या कोण जाणे.’’

आत्याने हात पुढे केला. मी तो धरला.

‘‘म्हटलीस?’’

‘‘म्हटली.’’

‘‘किती वेळा?’’

‘‘एकतीस,’’ मी म्हणालो. आकडा बरा वाटला.

‘‘तिसरी ओळ एकदाच ना?’’

मी काजमावशीकडे बघितलं.

‘‘एकदाच गं,’’ काजमावशी पिशवी उचलत म्हणाली. ‘‘मी लक्ष ठेवून होते.’’

आत्या समाधानाने मागे टेकली. पट्टी उद्या निघणार होती. हे दोन्ही आकडे दुरुस्त करायचं काम मी त्यानंतरसाठी ठेवलं, आणि तेही सिस्टर आसपास नाही असं बघून.