चाळीस हात दोर

नाथाजी हवालदाराचा दोन गोष्टींवर राग होता. एक गावचा तलाव आणि दुसरी गावची माणसं. तलाव बिचारा निदान जागेवर पडून असायचा. माणसं मात्र रोज उठून त्याच्या दारात यायची आणि म्हणायची, "हवालदार, जरा दोर द्या की."

दोर काही नाथाजीच्या घरचा नव्हता, संस्थानच्या हुकमाचा होता. संस्थानातल्या प्रत्येक सार्वजनिक तलावाच्या काठी चाळीस हात अंबाडीचा दोर, तीन वाळके भोपळे आणि एक लांब वेळू कायम टांगलेला असावा, त्यावर एक जबाबदार इसम नेमावा, आणि कसूर झाल्यास गावच्या पंचांना जाब विचारला जाईल, असं त्या कागदावर छापलेलं होतं. हा हुकूम निघावा म्हणून नाथाजीनेच कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. आठ महिन्यांत अकरा अर्ज. शेवटी कारभारी त्याला लांबून बघूनच कपाळाला हात लावायचे.

त्यालाही कारण तसंच होतं. नाथाजी इटलीत लढाईवर असताना त्याची बायको विजयमाला याच तलावात बुडाली. पावसाळ्यानंतरचा तुडुंब तलाव, शेवाळलेली पायरी, काखेत भरलेली घागर. पाय निसटला आणि ती खोल पाण्यात गेली. काठावर पाणी भरायला आलेल्या बाया होत्या, ओरडा ऐकून रानातले बाप्ये धावत आले. पट्टीचा पोहणारा त्यांत एक नव्हता. दोघांनी मुंडाशी सोडून एकाला एक गाठ मारून फेकली, तर लढाईच्या टंचाईतली ती विरलेली कापडं मधोमध फाटली. नाथाजीला हे चार महिन्यांनी पत्रातून कळलं. बोटीवरून परत येताना कठड्याला ओळीने टांगलेल्या, बुडत्याला फेकायच्या तरंगत्या कड्या त्याने पाहिल्या आणि त्याचं डोकं फिरलं. अथांग समुद्रात सरकारला एवढी काळजी, आणि त्याच्या गावच्या तलावाला एक दोर मिळू नये? मिरजेच्या स्टेशनात उतरला तो हाच विचार डोक्यात घेऊन.

दिवाळीला हुकूम आला. आप्पासो पाटलांनी जबाबदार इसम म्हणून अर्थातच नाथाजीचं नाव घातलं आणि डोक्यावरचा भार उतरवला. नाथाजीने लिंबाच्या खोडाला खुंटा मारून दोर टांगला, शेजारी भोपळे, खाली वेळू. तलावाच्या काठालाच त्याने खोपट घातलं. आता माझ्या डोळ्यांदेखत कुणी बुडणार नाही, असं तो उघड बोलून दाखवायचा.

पण गावाला दोर दिसला आणि गावाची सगळी कामं दोरावाचून अडायला लागली. विहिरीत बादली पडली, द्या दोर. म्हैस खड्ड्यात गेली, द्या दोर. लग्नाचा मांडव, गुऱ्हाळाची कढई, बैलगाडीत भरलेला कडबा, सगळ्याला हाच दोर! आणि नाही म्हटलं की तोंड एवढंसं करून म्हणायचे, "एवढं काय सोनं लागलंय का त्याला?" नाथाजी घसा फोडून सांगायचा, "अरं, माणूस बुडाया लागला तर काय तुमच्या मांडवाकडं पळत यिऊ व्हय?" त्यावर ते म्हणायचे, "आज कोण बुडतंय?" बुडणाऱ्याने आदल्या दिवशी वर्दी द्यायची असते, अशी या गावाची समजूत होती. नाथाजीच्या तोंडाला फेस आला. पण पोराच्या लग्नाच्या मांडवासाठी मागायला आलेला पाटील असो की कडब्याची गाडी घेऊन आलेला भाऊबंद, दोर त्याने कुणाला दिला नाही. शिव्या खाल्ल्या, पण दोर खुंट्यावरून हलला नाही.

चैत्र लागला. तलाव निम्म्याच्या खाली गेला. पायऱ्यांपासून पाण्यापर्यंत पंचवीस-तीस हात नुसता भेगाळलेला गाळ आणि मधे हिरवट पाणी. त्यात गेल्या उन्हाळ्यात गावाने रानात टाकायला गाळ काढला होता. ज्याला जिथे वाटलं तिथे त्याने खणलं, आणि ते खड्डे पाण्याखाली तसेच राहिले होते. नाथाजी हेही पंचांना दहा वेळा सांगून दमला होता.

अशातच गुंडा आला. गुंडा म्हणजे जोतिबाच्या सासनकाठीचा मानकरी. चैत्री पौर्णिमेला गावची काठी जोतिबाच्या डोंगरावर जायची. वीस हात उंच वेळू, आणि तो तोलायला चहूबाजूंनी ताणून धरायचे दोर. ते दोर देवळात उंदरांनी कुरतडले होते.

"आवं हवालदार, देवाचं काम हाय," गुंडा म्हणाला. "उद्या सकाळी काठी निघनार. पाच दिसांत दोर आनून देतो."

"देव काय माज्या तलावाची राखन करनार हाय?"

"तळ्यात पानी कुठं हाय आता? गुडघाभर चिखलात कोन बुडतंय?"

नाथाजीने तोंड उघडलं, तेवढ्यात मागून सुलाबाई आली. शेजारची सुलाबाई पन्नाशीची विधवा, विजयमालेची जिवाभावाची. ती डोक्यावरची घागर सावरत म्हणाली, "नाथाजी, तुला ठावं न्हाई. तू लढाईत हुतास तवा तिनं जोतिबाला नवस बोलला हुता. नवरा सुखरूप आला तर काठीला त्याचा हात लावीन म्हनून. तू आलास. ती न्हाई. हात नको लावू, निदान दोर तरी दे."

नाथाजी लिंबाकडे वळला. मग त्याने स्वतःच्या हाताने खुंट्यावरचा दोर काढला आणि गुंडाच्या खांद्यावर घातला. साऱ्या गावाला नाही म्हणणारा माणूस बायकोच्या नवसापुढे हरला. दुसऱ्या दिवशी हलगी वाजवत काठी निघाली आणि तिच्यामागे नाथाजी सोडून गावातला एकूण एक धडधाकट बाप्या निघाला.

तिसऱ्या दिवशी, ऊन चढायच्या आधी, बाया पाण्याला आल्या. त्यांत अंजना होती, गुंडाची नवी भावजय. कराडजवळ कृष्णेकाठी वाढलेली, नदीत सरासर पोहणारी. काठाचं पाणी गढूळ म्हणून ती थोडी आत गेली. "तळ्याला काय भ्यायचं?" असं हसत म्हणाली आणि पुढचं पाऊल टाकलं ते थेट खणलेल्या खड्ड्यात. पोहायला पाय सुटे लागतात. तिचे दोन्ही पाय मांड्यांपर्यंत तळाच्या चिकट रेंद्यात रुतले होते, आणि ती जितके झाडे तितकी खाली जाई. पाणी छातीला लागलं.

ओरडा ऐकून नाथाजी खोपटातून पळत आला. सवयीने त्याचा हात खुंट्याकडे गेला. खुंटा रिकामा होता. तेवढ्या क्षणात त्याने स्वतःला जी शिवी घातली ती पलटणीतही कधी कुणाला घातली नव्हती. त्याने वेळू आणि भोपळे उचलले, पाण्याच्या कडेपर्यंत पळाला आणि चिखलात शिरला, पण तीन-चार पावलांत स्वतःच मांडीपर्यंत रुतला. वेळू पंधरा हात कमी पडत होता. मग एक भोपळा फेकला. तो अंजनापासून पाच हातांवर पडला आणि उलट्या दिशेला तरंगत गेला. दुसऱ्याचीही तीच गत. डोक्यावर हात नेला तर तिथे लष्करी टोपी, कमरेला खाकी चड्डी. मुंडासं असतं तर! गावात बाप्या नाही, हाताशी कापड नाही, आणि जबाबदार इसम चिखलात उभा. पाणी अंजनाच्या गळ्याला आलं.

"नाथाजी!" काठावरून सुलाबाई गरजली. "भायेर ये! आन् तोंड फिरीव!"

"काय?"

"तोंड फिरीव म्हनते न्हवं! तळ्याकडं बगायचं न्हाई!"

तो कसाबसा पाय उपटत पाण्याच्या कडेला आला आणि तलावाकडे पाठ करून, वरच्या लिंबाकडे तोंड करून उभा राहिला. मागे नुसती कुजबूज, बांगड्यांचा आवाज, कापडाची सळसळ. "बनाबाई, तूबी सोड. खालती बस पान्यात. गाठ घट मार गं." नऊवारी इरकली लुगडी, एकेक अठरा हात, जाडजूड. सुलाबाई आणि बनाबाई चोळीवर पाण्यात दबून बसल्या होत्या आणि बाकीच्या त्यांच्याभोवती कडं करून उभ्या होत्या. उरलेला तिसरा भोपळा त्यांनी टोकाला बांधला.

"काखेतनं घ्यायला सांगा!" नाथाजी लिंबाला सांगत होता. "गळ्यात नको, काखेतनं!"

"तू गप!"

भोपळा पाण्यावर आपटल्याचा आवाज आला. मग अंजनाचं खोकणं. मग बायांचं हुंकारून ओढणं, आणि सुलाबाईचा धापा टाकणारा आवाज, "निघंना गं, लय रुतलीया." मागून एक ओलं टोक नाथाजीच्या खांद्यावर येऊन पडलं. "हे धर आन् म्होरं चाल. माघारी बगशील तर बग!"

नाथाजीने ते टोक खांद्यावरून घट्ट धरलं आणि मोटेच्या बैलासारखा पाण्याकडे पाठ करून पुढे चालायला लागला. एक पाऊल. चवडे मातीत घुसले. दुसरं पाऊल. कापड ताणलं, पण फाटलं नाही. मग एकदम भार हलका झाला आणि मागे बाया रडायला लागल्या, तेव्हा त्याला कळलं की पोरगी निघाली. तरीही तो चालतच राहिला, लिंबापर्यंत जाऊन थांबला.

बऱ्याच वेळाने सुलाबाई ओलं लुगडं नेसून त्याच्याजवळ आली. नाथाजीचा राग उतू जात होता. गुंडावर, गावावर, आणि सगळ्यांत जास्त स्वतःवर.

"चुकलं माजं," तो म्हणाला. "दोर द्याया नको हुता. पुन्ना देवानं सोता यिऊन मागितला तरी देनार न्हाई."

सुलाबाई खाली बसली.

"दोराचं काय घिऊन बसलास," ती म्हणाली. "विजयमाला गेली त्या दिशीबी मी हितंच हुते. हेच लुगडं अंगावर हुतं. माजा हात गाठीला गेला हुता, नाथाजी. पर काठावर धा बाप्ये उभं. मला लाज वाटली. हात माघारी घेतला म्या. आज तू एकलाच हुतास म्हनून जमलं."

नाथाजीने रिकाम्या खुंट्याकडे पाहिलं. आठ महिने त्याने कचेरीत अर्ज लिहिले होते की, काठावर काहीच साधन नव्हतं.

पौर्णिमेनंतर गुंडा गुलालाने लाल झालेला दोर घेऊन आला, पायावर डोकं ठेवून रडला आणि गेला. नाथाजीने दोर खुंट्याला टांगला. मग घरात जाऊन विजयमालेची पेटी उघडली. तिची दोन लुगडी काढली, एकाला एक गाठ मारली, ओढून पाहिली आणि दोराशेजारी दुसरा खुंटा ठोकून त्यावर अडकवली.

महिन्याभराने कचेरीतला कारकून तपासणीला आला. त्याने दोर मोजला, भोपळे मोजले आणि लुगड्यांवर बोट ठेवून म्हणाला, "हवालदार, हे काय? हे यादीत नाही."

"मग यादीत लिवा," नाथाजी म्हणाला. "लुगडी दोन. आन् खाली असंबी लिवा, की बाई बुडत आसंल तर बाप्यांनी पाठ फिरवून उभं ऱ्हावं."

कारकुनाने ते लिहिलं नाही. दोर पुढेही लोक मागायला येतच राहिले, नाथाजी त्यांच्यावर खेकसतच राहिला. लुगडी मात्र कुणी उसनी मागितली नाहीत.