बाहेरून लावलेली कडी

मी एक जुनी कडी आहे, दाराची. माझ्याकडे कुणी निरखून पाहत नाही, आणि खरे सांगायचे तर पाहू नये असेच मला वाटते. पण मित्रांनो, तुम्ही रोज माझ्यासारख्या एखादीला हात लावता, म्हणून माझी गोष्ट तुम्हाला ठाऊक असलेली बरी. ती ऐकून तुम्ही मला नावे ठेवलीत तरी माझी तक्रार नाही.

मोडक्या गाडीच्या चाकावरच्या लोखंडी पट्टीतून एका लोहाराने मला घडवले. लोहार बोलका होता. मला गिऱ्हाइकाच्या हातात देताना तो म्हणाला, "दादा, एक ध्यानात ठेवा. कडी ज्याच्या हातानं लागते, त्याच्याच हातानं निघायला हवी. मगच ती राखण करते." गिऱ्हाईक होता एक पाववाला. त्याचे लक्ष माझे वजन बघण्याकडे होते, त्यामुळे त्याने नुसती मान हलवली. मी मात्र ते शब्द नीट ऐकले होते. म्हणून तर पुढे जे झाले, त्याची मला इतकी लाज वाटते.

पाववाल्याचे घर दोन खोल्यांचे. घरात तो, त्याची बायको, मुलगी छोटी आणि म्हातारे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणत. भट्टी गल्लीच्या पलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये. मला त्याने दाराच्या आतल्या बाजूला बसवले. चौकटीत माझा जोडीदार कोयंडा. त्याचे सगळे आयुष्य एका जागी बसून गेले, तरी दमलो दमलो म्हणून तोच जास्त कुरकुरायचा.

ते दिवस फार चांगले होते. पाववाल्याची बायको केस धुवायला बसली की मला लावून घेई. छोटी रुसली की आत जाऊन मला खाडकन लावी, आणि बाहेर तिचा बाप हातात गरम पाव धरून उभा राही. "उघड गं, गार होतोय." ती उघडायची ती तिचा राग संपल्यावर, पाव गार होण्याआधी नव्हे. एकदा कचेरीतले साहेब भट्टीचा परवाना तपासायला आले. त्यांनी दार ठोठावले. आतून आबा म्हणाले, "कोण?" साहेबांना आपले नाव सांगावे लागले, काम सांगावे लागले, आणि आबा सदरा घालेपर्यंत उन्हात उभे राहावे लागले. तेवढा वेळ ते साधे माणूस होते. मला त्या दिवशी फार भारी वाटले.

मग गल्लीत चोऱ्या झाल्या. कुणाची सायकल गेली, कुणाची भांडी गेली. लोक घाबरले आणि आपण होऊन कचेरीत गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. साहेबांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि योजना काढली. अंधार पडला की पहारेकरी गल्लीतली सगळी दारे बाहेरून लावणार आणि उजाडल्यावर उघडणार. चोर बाहेरचा असला तर त्याला आत जाता येणार नाही, गल्लीतला असला तर त्याला बाहेर पडता येणार नाही. आत डोकावून माणसे मोजता यावीत, म्हणून आतली कडी मात्र कुणी ठेवायची नाही.

पाववाला काटकसरी. म्हणाला, "दुसरी कडी कशाला आणायची? आहे तीच फिरवू." ओठांत स्क्रू धरून त्याने स्वतःच मला आतून काढले.

आबा खाटेवरून बघत होते. "अरे, आपल्या घराला दुसऱ्यानं कडी लावायची?"

"आबा, कर नाही त्याला डर कशाला? आपण काय लपवतोय?"

"लपवायला काही नाही म्हणून मी काय सदरा न घालता बाजारात फिरू?"

पाववाल्याची बायको हसली. पाववाला हसला नाही आणि थांबलाही नाही. मी दाराच्या बाहेरच्या बाजूला आले.

मित्रांनो, तेव्हा मला वाईट वाटायला हवे होते. वाटले नाही. बाहेर ऊन होते, वारा होता, येणारे-जाणारे दिसत होते. कचेरीच्या माणसाने माझ्यावर निळा रंग दिला. चोऱ्या खरेच थांबल्या, आणि लोक आम्हा कड्यांचे कौतुक करू लागले. साहेब एकदा माझ्यावर बोट टेकवून म्हणाले, "बघा, किती घट्ट बसते." मी फुगले. लोहाराचे बोलणे मी सोयीने विसरले.

पाववाल्याचेही बरे चालले होते. साहेबांना सकाळी ताजा पाव लागे, म्हणून पहारेकरी सगळ्यांत आधी त्याचे दार उघडी. बाकीच्यांची उघडायला उन्हे चढत. दूधवाला ओरडे, कामावर जाणारे खिडकीतून हात बाहेर काढून बोलावत. पाववाला टोपली घेऊन त्यांच्या दारांवरून जाई आणि म्हणे, "येतोय हो, पहारेकरी येतोय." त्याचे दार उघडलेले असे ना.

आमच्या समोर एक बाई एकटी राहायची. दिवसभर तिचे शिलाई मशीन चाले, म्हणून गल्ली तिला मशीनताई म्हणे. गल्लीच्या बैठकीत तीच एकटी उठून बोलली. "चोऱ्या थांबल्या. आता आमच्या कड्या आम्हाला परत द्या." साहेब म्हणाले, विचार करू. विचार त्यांनी लगेच केला. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतली बाकी दारे सकाळी उघडत, तिचे मात्र बंदच राही. चौकशी चालू आहे, असे कारण सांगितले गेले.

दुपारी पाववाला समोरून जात होता. ती खिडकीच्या गजांशी आली. "दादा, घागर रिकामी आहे. कडी तेवढी काढ. नळावरून भरून येते."

पाववाला थबकला. त्याने गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहिले. मग म्हणाला, "ताई, माझ्या हातात काय आहे?" आणि टोपलीतला एक पाव तिच्या खिडकीत ठेवून तो निघून गेला. पाणी तिला पहारेकऱ्याने दिले, ते दिवे लागल्यावर.

घरी आबांनी मुलाला विचारले. तो टोपलीतले उरलेले पाव मोजत बसला. आबा म्हणाले, "म्हातारी मेल्याचं दुःख नाही रे, काळ सोकावतो."

आणि काळ सोकावलाच. मशीनताईला पुढे सोडले, पण तोवर नवा हुकूम निघाला होता. माणसांची मोजणी नीट होत नाही, म्हणून जेवणानंतर दुपारभर सगळी दारे बंद. पाववाल्याला भट्टीसाठी सूट होती. एके दिवशी साहेबांच्या पाहुण्यांना पाव शिळा लागला आणि ती सूट गेली. त्या दिवशी पहिल्यांदाच भर दुपारी, पाववाला घरात असताना मला लावण्यात आले. पलीकडे शेडमध्ये मळलेले पीठ फुगून परातीबाहेर आले. पिठाला हुकूम कळत नाही.

त्याच दुपारी आबांना दम लागला. आतून त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, गंजलेली करवत चालावी तसा. छोटी रडत होती. पाववाला खिडकीशी आला आणि हाका मारू लागला. पहारेकरी जेवायला गेला होता. शेजारीपाजारी सगळे आपापल्या खिडक्यांत आले, पण त्यांचीही दारे बंद. तेवढ्यात कचेरीतला एक कारकून सायकलवरून आला. पाववाल्याने त्याच्यापुढे हात जोडले. "साहेब, कडी काढा. म्हातारा जाईल माझा." कारकुनाने सायकलचा वेग कमी केला. "अहो, मी त्या खात्याचा नाही," तो म्हणाला आणि पुढे गेला.

मी दाराला चिकटून होते. सुटायचे म्हटले तरी मला सुटता येत नव्हते. माझ्यावरचा तो निळा रंग मला चटके देत होता.

मग गल्लीच्या तोंडाशी मशीनताई दिसली. शिवलेले कपडे पोचवून येताना तिला उशीर झाला होता. दुपारी बाहेर सापडली असती तर पुन्हा चौकशी झाली असती, म्हणून ती भिंतीच्या कडेकडेने येत होती. पाववाल्याने तिला पाहिले आणि तो खिडकीपासून मागे सरला. कुठल्या तोंडाने हाक मारणार?

तिनेच विचारले, "काय झालं?"

"आबांना श्वास घेता येत नाहीये," तो खाली मान घालून म्हणाला.

तिने गाठोडे तिथेच ठेवले, सरळ दाराशी आली आणि मला उचलले.

बस, एवढेच. मित्रांनो, हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवे होते, पण सांगायला जीभ रेटत नव्हती. मला कुलूप नव्हते. गल्लीतल्या एकाही कडीला नव्हते. हुकूम पुरेसा आहे, असे साहेब म्हणाले होते आणि तो पुरला होता. मला उचलायला छोटीएवढा जोर पुरतो. इतके दिवस त्या दारांवरून जाणाऱ्या कुणालाही, कधीही, एका हाताने ती उघडता आली असती.

पाववाला उंबऱ्यात उभा राहून माझ्याकडे पाहत राहिला. "एवढंच होतं?"

"एवढंच," मशीनताई म्हणाली. "मीही एवढंच मागितलं होतं. जा आता, डॉक्टरांना आण. मी बसते आबांपाशी."

तो पळाला. पण जाताना डाव्या हाताचे दार उघडत गेला, मग उजव्या हाताचे. त्या घरांतून बाहेर पडलेल्यांनी पुढची दारे उघडली. पहारेकरी ढेकर देत परत आला तेव्हा सगळी गल्ली बाहेर उभी होती. "अहो, हुकूम नाही," तो म्हणाला. "मग लाव की परत," कुणीतरी म्हणाले. तो दोन-तीन दारांशी जाऊन आला आणि स्टुलावर बसला. रिकाम्या घरांना कडी लावून तो करणार काय? काही दिवसांनी कचेरीने जाहीर केले की योजना यशस्वी झाल्यामुळे बंद करण्यात येत आहे.

आबा वाचले. पाववाल्याने निळा रंग खरवडून मला पुन्हा आत बसवले. आबा आता दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि उगाचच मला लावतात, काढतात. बाहेरच्या बाजूला स्क्रूची भोके तशीच आहेत. पाववाल्याने ती बुजवली नाहीत. बाहेर पडताना त्याचा अंगठा नेहमी त्यांवरून फिरतो, आणि माझीही मान खाली जाते.

मित्रांनो, मला तेल घाला, गंजू देऊ नका, असे मी सांगणार नाही. तुमच्या दाराची कडी कोणत्या बाजूला आहे, एवढे अधूनमधून पाहत जा. आणि कुणाच्या बंद दारावरून जाताना आतून हाक आली, तर माझ्या हातात काय आहे, असे म्हणू नका.

आमचे दार उघडे असले की मला समोरचे घर दिसते. पाववाला रोज सकाळी पहिला पाव घेऊन तिथे जातो आणि दार ठोठावतो. आतून मशीन थांबल्याचा आवाज येतो. मशीनताई विचारते, "कोण?" तो नाव सांगतो. मग मशीन पुन्हा चालू होते. हातातली शिवण पुरी झाल्याखेरीज ती उठत नाही. कधी दार उघडते, कधी उघडतही नाही. कडी तिची आहे. पाव गार होत जातो आणि तो उभा राहतो.