सगळ्यांसाठी खुलं

संपदा देवधर फरीदाबादच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायला लागली, ते दोन हजार एक साल होतं. कारखान्यात लोखंडी भाग ओतून घासत. तिथल्या दवाखान्यात कामगारांचा दम मोजायचं यंत्र होतं. नळीत जोरात फुंकलं की पडद्यावर निकाल यायचा. यंत्राबरोबर आलेल्या प्रोग्रॅमचा परवाना संपला, तेव्हा संपदाने मासिकासोबत मिळालेल्या सीडीवरून लिनक्स ही फुकट आणि सगळ्यांना खुली प्रणाली घातली आणि नवा प्रोग्रॅम स्वतःच लिहिला. फुकटात काम होतंय म्हटल्यावर मॅनेजर खुरानांनी हो म्हटलं. तिचं कारण वेगळं होतं. ज्या हिशोबावर माणसाचं बरंवाईट ठरतं, तो हिशोब त्या माणसाला उघडून बघता आला पाहिजे, असं ती दिल्लीत मयूर विहारला राहणाऱ्या मैत्रिणींना पोटतिडकीने सांगायची.

जुनी मोजमापं तिने नव्या प्रोग्रॅममध्ये भरली आणि थबकली. त्रेचाळीस नावांपुढे 'दम कमी' असं आलं होतं. जुन्या प्रोग्रॅमने तेच सगळे 'ठीक' ठरवले होते. का, ते कळायला मार्ग नव्हता. तो आतून कुलूपबंद.

तिने नवं गणित सोप्या हिंदीत लिहून दवाखान्याच्या भिंतीवर लावलं. घासाईवर आठ वर्षं काढलेला, लातूरकडचा हणमंत एकेका ओळीखाली बोट धरून वाचत राहिला.

"म्हणजे ताई, मी कामचुकारपणा करत नव्हतो."

"नव्हता, हणमंतराव. तुमचा दम खरंच कमी पडतोय."

तो हसला आणि मग कितीतरी वेळ खोकत राहिला.

संपदा यादी घेऊन खुरानांकडे गेली. धूळ ओढणारे पंखे लागतील, माणसांना उपचार मिळतील, अशी तिची खात्री होती. एरवी कुणाला बसा न म्हणणाऱ्या खुरानांनी तिच्यासाठी चहा मागवला. यादी शेवटपर्यंत वाचली.

"बहुत अच्छा काम है, संपदाजी. ये दूसरी फॅक्टरीवालों को भी दे सकते हैं? फ्री है ना?"

"बिल्कुल, सर. कोई भी ले सकता है."

जिना उतरताना ती खुशीत होती. अर्ध्यावर आल्यावर मात्र तिच्या मनात आलं, धुळीबद्दल त्यांनी एक शब्दही विचारला नाही.

सोमवारी घासाईच्या शेडमध्ये सगळे चेहरे नवे होते, बहुतेक विशीतले. त्रेचाळीसपैकी एकही जण नव्हता. ती सगळी ठेकेदाराची माणसं, त्यामुळे नोटीस वगैरे काही नाही. ठेकेदाराने त्यांना फाटकावरूनच परत पाठवलं होतं.

पत्ता विचारत विचारत ती तीन आठवड्यांनी हणमंतच्या खोलीवर पोचली. तो दारातच बसला होता.

"तीन कारखाने फिरलो, ताई. तिन्हीकडं आधी नळीत फुंकायला लावलं." तो थांबला, श्वास घेतला. "पडदा तुमचाच होता. खाली तुमचं नाव हाय इंग्रजीत. ते मला वाचता येतं."

तिने पिशवीतून कागद काढला. "हा तुमचा रिपोर्ट. सरकारी डॉक्टरांना दाखवा. काम करूनच हे झालंय, हे यावरून सिद्ध करता येईल. मी येते बरोबर."

हणमंतने हात पुढे केला नाही. "नको. हा घरात सापडला तर उरलेली फाटकंबी बंद व्हायची. पोरगा लागलाय एका ठिकाणी."

आतून बायको बघत होती. पाणी घ्या, असंही ती म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी संपदाने ऑफिसला येताच ईमेल उघडला. पानिपतच्या सूतगिरणीवाल्यांचं पत्र होतं. प्रोग्रॅम उत्तम चालतोय, आभार. भरतीला गर्दी मोठी असल्याने कमी दमाची मर्यादा जरा वर नेली आहे. आपली हरकत नसावी, कारण बदल करायला तो सगळ्यांनाच खुला आहे, असं कळतं. सोबत त्यांनी गेल्या आठवड्यात परत पाठवलेल्यांची यादी जोडली होती. त्यात दोनशे सोळा नावं होती, आणि सर्वात लहान वय एकोणीस.

संपदाने खुर्ची मागे सरकवली. खाली दवाखान्यात नव्या मुलांची रांग लागली होती आणि कंपाउंडर एकेकाला सांगत होता, "ज़ोर से फूँको. और ज़ोर से."