एका प्लास्टरच्या जबड्याची साक्ष

मित्रांनो, आज मी आपणांपुढे माझे जीवनवृत्त सादर करीत आहे. एका मुलीचे दात वाकडे कसे निघाले, ते सरळ करण्याचा खर्च कोणी व कसा सोसला, विम्याचे दार तिच्यासाठी का बंद झाले, आणि मनुष्याच्या तोंडातले कठीण हाड मुंगीहूनही संथ पावलाने कसे चालते, हे सर्व या कथनात यथाक्रम येईल. तरी शांत चित्ताने ऐकावे, ही नम्र विनंती.

मी एक जुना प्लास्टरचा जबडा आहे. माझे दोन भाग आहेत, वरचा व खालचा. माझ्या तळाशी पेन्सिलीने लिहिले आहे, 'बिग्ना, वय सहा'. माझे दात कधी काही चावले नाहीत, तरी ते हुबेहूब तिचे आहेत.

माझा जन्म बर्फाळ डोंगरांमधल्या एंगादिन खोऱ्यात, डॉक्टर लेट्टाबाईंच्या दवाखान्यात झाला. बिग्ना खुर्चीत आडवी होती. तिच्या तोंडात गुलाबी लगद्याने भरलेली पन्हळ बसवली होती आणि तिला उमासे येत होते.

"पायाची बोटं हलव बघू," लेट्टाबाई म्हणाल्या. "आधी डाव्या पायाची. आता उजव्या. करंगळी एकटी हलते का?"

करंगळी एकटी हलत नाही. परंतु ती हलवण्याच्या खटाटोपात बिग्ना उमासा विसरली, आणि तेवढ्यात लगदा घट्ट झाला. त्या ठशात प्लास्टर ओतले गेले आणि मी आकारास आलो. मित्रांनो, प्लास्टर घट्ट होताना आपोआप तापते. मला वाटले, हाच जीव असावा. पण ती ऊब थोड्या वेळात निवाली आणि मी थंडगार झालो. शेजारी बिग्ना जीभ फिरवून आपले दात मोजत होती. तिच्या तोंडातून वाफ निघत होती. ती ऊब निवत नाही, हे माझ्या आयुष्यातले पहिले आश्चर्य होय.

मला घडवण्याचा आग्रह तिच्या आजोबांचा होता. पाइडर आजोबांनी चाळीस वर्षे गुरांचा व्यापार केला होता. आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेली, अशी गाईची वये ते ओठ फाकवून क्षणात सांगत. त्या खोऱ्यात तोंड पाहिल्याखेरीज कोणी जनावराचे पैसे देत नाही. म्हणून त्यांची मुलगी सेराइना जेव्हा म्हणाली की बिग्नासाठी दातांचा पूरक विमा घ्यावा, कारण साध्या आरोग्यविम्यात दात येत नाहीत, तेव्हा आजोबांनी बजावले, "आधी तोंड बघ, मग सौदा कर. काय आहे ते कळल्याशिवाय हप्ता कसला भरतेस?"

सेराइनाला ते पटले. तिचा नवरा दुरी पिवळी टपालबस चालवीत असे. घाटात वळण दिसल्याखेरीज वेग घेऊ नये, हे त्याच्याही अंगी मुरले होते.

लेट्टाबाईंनी माझे दोन्ही भाग एकमेकांवर बसवून त्यांना दाखवले. "हे बघा, खालचे पुढचे दात दिसतच नाहीत. वरच्यांच्या मागे जाऊन टाळूला टोचतायत. आज थोडं आहे, पुढे वाढेल. अकराव्या-बाराव्या वर्षी तार बसवावी लागेल, हाड वाढीला असताना. मोठेपणी ते इतकं ऐकत नाही." एवढे बोलून त्यांनी ते आपल्या नोंदीत लिहिले.

पुढच्या आठवड्यात विम्याचे सल्लागार श्री. कपौल घरी आले. सातूचे सूप झाले, कागद पसरले गेले. आजोबांनी मोठ्या अभिमानाने मला कपाटातून काढून त्यांच्यापुढे ठेवले.

"आम्ही आंधळा सौदा करत नाही. बघून घ्या, सगळं उघड आहे."

कपौलांनी मला उचलले, वरचा भाग खालच्यावर टेकवला, आणि पेनाला टोपण घातले.

"आजोबा, हे कुणाला दाखवायला करून घेतलंत?"

"तुम्हालाच."

"मला दाखवायला नको होतं. लेट्टाबाईंनाही नको होतं. पोरगी तीन वर्षांची व्हायच्या आधी आला असतात तर आम्ही तोंड उघडायलाही सांगितलं नसतं. आता अर्जात प्रश्न आहे, दातांच्या ठेवणीत दोष आढळला आहे का. आढळलाय. आणि तो इथे सुपाच्या वाटीशेजारी बसलाय."

"म्हणजे न बघता आलो तर विमा, आणि बघून आलो तर नाही? हा कुठल्या बाजाराचा कायदा?"

"तुमच्याच. विकणारा दोष लपवतो म्हणून तुम्ही गाईचे दात बघता ना? इथे विकणारे तुम्ही आहात. घेणारे आम्ही."

आजोबांनी मला हळूच आपल्याकडे ओढून घेतले. चाळीस वर्षांत सौद्यातली त्यांची बाजूच चुकली असे कधी झाले नव्हते.

कपौल गेल्यावर ते हळूच म्हणाले, "दुसऱ्या कंपनीचा अर्ज भर. हा आत ठेवून दे. प्लास्टरला काय जीभ आहे?"

"लेट्टाबाईंना आहे," सेराइना म्हणाली. "आणि खाली सही माझी आहे, बाबा. तार बसवायच्या वेळी कंपनी त्यांच्याकडून नोंद मागवेल. तेव्हा पोरीला काय सांगू, तुझी आई खोटारडी म्हणून तुझे दात वाकडे राहिले?"

"खरं लिही," दुरी म्हणाला.

तिने दोष आढळल्याचे लिहिले. उत्तर आले. दात भरणे व साफ करणे यांचा विमा मिळाला, परंतु दातांची ठेवण सुधारण्याचा खर्च त्यातून वगळला होता. मित्रांनो, मी कोणाचे वाईट चिंतले नव्हते. तरी माझ्या खरेपणानेच त्या मुलीची वाट अडली. हे शल्य मनात घेऊन मी फडताळात, मिठाच्या डब्यामागे, पाच वर्षे धूळ खात पडलो.

फडताळाच्या फटीतून घरातले थोडे दिसे, बाकीचे ऐकू येई. मध्यंतरी घरात आन्द्री जन्मास आला. तो दोन वर्षांचा होताच सेराइनाने कपौलांना बोलावले. आता आजोबांचा नूरच पालटला होता. आन्द्री खदखदा हसू लागला की ते मान फिरवून खिडकीबाहेर डोंगराकडे पाहत.

"बाबा, नातवाकडे बघा तरी," सेराइना म्हणाली.

"सही झाल्यावर बघेन. चुकून माझ्या नजरेला काही पडायचं."

मात्र कागदांची तपासणी त्यांनी गाभण गाय चाचपावी तशी केली. कपौलांनी तीन योजना मांडल्या होत्या. आजोबांनी सर्वांत स्वस्त योजना बोटाने बाजूला सारली.

"ही शंभरातले पंचाहत्तर देते, पण वर्षाला किती फ्रँकपर्यंत?"

"एक हजार."

"मग पंचाहत्तर कसले? तार काय हजारात येते? ही दुसरी?"

"अर्धे देते. पण दात सरळ करण्यासाठी मर्यादा दहा हजारांची."

"घेतल्यापासून किती दिवसांनी लागू?"

"वर्षभर थांबावं लागतं."

"पोरगा दोन वर्षांचा आहे, थांबेल. मुलगा मोठा झाला की हप्ता उडी मारतो का?"

"वयाप्रमाणे थोडा वाढतो. तक्ता मागच्या पानावर आहे."

"मागच्या पानावरच असणार," आजोबा म्हणाले, आणि पान उलटून बोट फिरवत शेवटपर्यंत वाचले. दुसऱ्या योजनेवर सही झाली. मग त्यांनी आन्द्रीला मांडीवर घेऊन त्याचे तोंड मनसोक्त पाहिले.

परंतु बिग्नाचे काय? ती अकरा वर्षांची झाली. तिच्या टाळूला आता खरोखरच जखम होऊ लागली होती. वाळवलेल्या मांसाचा पातळ काप खाताना तो रक्ताने लाल होई. ती पाव दुधात बुडवून खाई आणि भूक नाही म्हणे. लेट्टाबाईंनी सांगितले की आता थांबणे योग्य नाही, आणि खर्च सुमारे अकरा हजार फ्रँक येईल. त्या संध्याकाळी बिग्ना आईला म्हणाली, "मला तार नकोच आहे. माझे दात आतल्या बाजूला आहेत, कुणाला दिसतात?"

आजोबा चुलीपाशी लाकडे रचत होते. त्यांच्या हातातले लाकूड हातातच राहिले.

गावच्या कचेरीतून शाळकरी मुलांच्या दातांसाठी मदत मिळते, हे सर्वांस ठाऊक होते. पण सेराइनाने पूर्वीच सांगून ठेवले होते की कोणापुढे हात पसरायचे नाहीत. दुसऱ्या सकाळी आजोबांनी मला मिठाच्या डब्यामागून काढले, रुमालात गुंडाळले आणि कोटाच्या खिशात ठेवले. पाच वर्षांनी मी उजेड पाहिला तो थेट कचेरीच्या टेबलावर.

तेथील लिपिक रेतो चष्मा वर करून म्हणाला, "पाइडर, तू? रस्ता चुकलास का?"

"नातीच्या दातांसाठी आलोय."

"अर्ज आईबापांनी करायचा असतो."

"ते येणार नाहीत. चूक माझी आहे, म्हणून मी आलो." असे म्हणून त्यांनी रुमाल सोडला.

"मला विकलीस त्या गाईचे दात इतके उघड दाखवले असतेस तर बरं झालं असतं."

"तिनं नऊ वर्षं दूध दिलं."

"आठ," रेतो म्हणाला. मग त्याने माझे दोन्ही भाग एकमेकांवर बसवले आणि मागच्या बाजूने आत पाहिले. खालच्या दातांची टोके टाळूत रुतलेली त्याला दिसली. तो थट्टा विसरला. "हे सहाव्या वर्षीचं? मग आता पोरगी जेवते कशी?"

"पाव दुधात बुडवून."

रेतोने खणातून अर्ज काढून दिला.

घरी सेराइना रागावली. "हात पसरायचे नाहीत म्हणाले होते ना, बाबा?"

"नाही पसरले. हा टेबलावर ठेवला आणि गप्प बसलो. आणि काय गं, गावाचा कर आपणही भरतो. बर्फ हटवायचं यंत्र दारात येतं, तेव्हा लाजून दार लावून घेतेस का?"

तिने बराच वेळ अर्जाकडे पाहिले. नंतर बिग्नाच्या पुढ्यातल्या दुधाच्या वाटीकडे पाहिले, आणि सही केली. मित्रांनो, साक्ष तीच होती. एका टेबलावर तिने दार लावले, दुसऱ्यावर उघडले. कचेरीने जवळजवळ अर्धा खर्च उचलला, आणि उरलेला लेट्टाबाईंनी तीन वर्षांच्या हप्त्यांत वाटून दिला.

आता मी जे पाहिले ते सांगताना माझी वाणी तोकडी पडते. मला पुन्हा दवाखान्यात नेण्यात आले. दर खेपेस लेट्टाबाई मला बिग्नाच्या तोंडाशेजारी धरून तुलना करीत. केसाहून थोडी जाड अशी ती तार. ती ओढत नव्हती, ढकलत नव्हती, नुसती आपल्या मूळ आकाराची आठवण धरून बसली होती.

"हाड म्हणजे दगड नव्हे," लेट्टाबाई बिग्नाला सांगत. "दात ज्या बाजूला दाबला जातो तिथलं हाड विरतं, आणि त्याच्या मागे नवं भरत येतं. म्हणून दात पुढे सरकतो आणि तरी पडत नाही. महिन्याला एखादा मिलिमीटर, त्याहून घाई नाही."

मी स्तब्ध झालो. मला हलवायचे तर फोडावेच लागेल. आणि येथे एक मुलगी शाळेत जात होती, बर्फावर घसरत होती, अक्रोडाची टार्ट मना केली म्हणून भावाशी भांडत होती, आणि त्याच वेळी तिच्या हिरड्यांच्या आत भिंती विरत होत्या आणि नव्या उभ्या राहत होत्या. एकही ठोका ऐकू आला नाही. जगात याहून मोठे बांधकाम कोठे चालत असेल, असे मला वाटत नाही.

तार आवळली की बिग्ना दोन दिवस गाल धरून बसे. आजोबा म्हणत, "कुंपणात वीज सोडलीय. आता गुरं बाहेर जायची नाहीत."

"आजोबा, हसवू नका, ओठ सोलतो."

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस तार निघाली आणि बिग्नाच्या दातांचा नवा जबडा ओतला गेला. त्याला माझ्या शेजारी ठेवले. तो अजून कोमट होता. त्याचे खालचे दात वरच्यांशी शहाण्यासारखे भेटत होते, आणि टाळू गुळगुळीत होती. आजोबांनी एका हातात मला व दुसऱ्यात त्याला घेतले. खरखरीत अंगठा माझ्या दातांवरून फिरवला, मग त्याच्या दातांवरून, मग पुन्हा माझ्या.

"चाळीस वर्षं मी दात बघून जनावरांची किंमत केली," ते म्हणाले. "दात चालतात, हे मला माहीत नव्हतं."

बिग्नाने त्यांच्या पिशवीतून वाळवलेल्या मांसाचा काप काढला, पुढच्या दातांनी सरळ तोडला आणि चावत राहिली. लेट्टाबाईंनीही दवाखान्यात खाऊ नये असे सांगितले नाही.

मित्रांनो, एवढेच मागणे आहे. ज्यांची मुले लहान आहेत त्यांनी विम्याचा विचार दोष दिसण्याआधी करावा, आणि दोष दिसल्यावर तो लपवू नये. दोन्ही उशिरा समजले तरी मूल मात्र तोवर थांबत नाही. आणि ज्या मुलांची तार निघाली आहे, त्यांनी दात जागीच धरून ठेवणारी रात्रीची पट्टी नेमाने लावावी, कारण जो दात पुढे चालत गेला तो मागेही चालत येतो. मी वाकडा आहे आणि वाकडाच राहीन, मला कोणी जपले नाही तरी चालेल. जिवंत वस्तूला ती सवलत नाही.

मला हात नसल्यामुळे हे सारे याच दवाखान्यात प्लास्टर कालवणाऱ्या मनुष्याने लिहून काढले. त्याचे शिक्षण अल्प असल्याने काही उणे राहिले असल्यास क्षमा असावी. वाचकांनी वेळ दिला, त्याबद्दल सर्वांचे अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
भिकाजी निगडे