हरणाला घोडा म्हणणे

होडीवर खूण करून तलवार शोधणे. राज्य: छू. मूळ पुरुष: नदीत तलवार पाडणारा कुणी एक शहाणा.

ही नोंद असलेली वही चारुदत्तची. वेलिंग्टनच्या एका लहानशा फर्ममध्ये तो स्ट्रक्चरल इंजिनियर होता आणि समोरच्या टेबलावर लिऊ, साठीला टेकलेला ड्राफ्ट्समन. जेवणाच्या सुट्टीत लिऊ रोज एक चिनी वाक्प्रचार सांगायचा, तो कुठे आणि कोणापायी जन्मला त्यासकट. चारुदत्त ते लेकीसाठी, ओवीसाठी, उतरवून घ्यायचा.

"तुमच्यातला एक सांग की," लिऊ एकदा म्हणाला.

"मूग गिळून बसणे. बोलायचं तिथे गप्प राहणं."

"पहिल्यांदा कोणी गिळले?"

"काय माहीत!"

"अरेरे! म्हणजे तुमचे मूग अनाथच."

हरणाला घोडा म्हणणे. राज्य: छिन. मूळ पुरुष: प्रधान चाओ काओ. दरबारात हरीण आणून म्हणाला, घोडा. काहींनी घोडा म्हटलं, काही गप्प बसले. हरीण म्हणणाऱ्यांचा त्याने मागाहून काटा काढला.

"आणि गप्प बसले त्यांचं काय झालं?" चारुदत्तने विचारलं.

"काय व्हायचंय? घरी जाऊन जेवले असतील."

2016 च्या नोव्हेंबरात भूकंप झाला. एका सहा मजली इमारतीची पाहणी चारुदत्तकडे आली. तिसऱ्या मजल्यावर त्याने प्लास्टर खरवडलं, तर तडा थेट तुळईत. बोटाचं टोक जाईल एवढा. त्याने सांगितला तसा लिऊने नकाशात काढला.

इमारतीच्या मालकाला ती सोमवारी उघडायची होती.

"प्लास्टरचा तडा आहे हा," मीटिंगमध्ये साहेब, ब्रेट, म्हणाला. त्याच्या कोपराखाली चारुदत्तच्या रेसिडेन्सीसाठी, न्यूझीलंडमध्ये कायम राहण्याच्या परवान्यासाठी, लागणारं पत्र होतं. सही व्हायची होती.

"तुळई आहे," लिऊ म्हणाला. "याने स्वतः बोट घालून पाहिलंय."

सगळे चारुदत्तकडे वळले. त्याच्या कपावर किवी पक्ष्याचं चित्र होतं. एवढ्या दिवसांत त्याने त्याची चोच कधी नीट पाहिली नव्हती. ती त्याने पाहिली.

"स्वीट अ‍ॅज," म्हणजे झकास, असं ब्रेट म्हणाला आणि त्याने पत्रावर सही केली.

नाताळाआधी लिऊला सांगण्यात आलं, की आता तेवढं काम उरलेलं नाही. जाताना त्याने पट्टी, चष्मा, जेवणाचा डबा पिशवीत भरला आणि चारुदत्तच्या टेबलाशी थांबला.

"चला," तो म्हणाला, "मुगांना बाप मिळाला."

हसला मात्र नाही.

रेसिडेन्सी आली. इमारतही उघडली. तिसऱ्या मजल्यावर माणसं कामाला बसतात, खालून दिसतात. चारुदत्त समोरच्या फुटपाथने जातो.

परवा ओवीने शाळेसाठी वही मागून घेतली. शेवटच्या पानावर तिचं बोट थांबलं.

मूग गिळून बसणे. राज्य: वेलिंग्टन. मूळ पुरुष:

"बाबा, धिस वन्स नॉट फिनिश्ड."

चारुदत्तने पेन घेतलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, माहीत नाही.